नळदुर्गाचे टेलर साहेब : एक अभ्यासाचा धडा

पावसाळ्यात बोरी नदी भरून आली म्हणजे नळदुर्गाच्या किल्ल्यातील धरणावरून नर व मादी हे दोन धबधबे कोसळू लागतात, आणि सोलापूर-हैदराबाद हमरस्त्याने जाणारे पुष्कळ लोक वाट सोडून ते पाहावयास किल्ल्यात शिरतात. हे धरण व त्याच्या पोटातील पाणीमहाल ही कामे विजापूरचा इब्राहिम आदिलशाह दुसरा ह्याच्या कारकीर्दीत, इ. स. १६१३ साली झाली. मागल्या पावसाळ्यात आम्ही काही उपदेशक बंधूंस घेऊन तेथे गेलो होतो. पाण्याकडे पाहत बसलो असता एका तरुण बंधूने आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, ह्या किल्ल्यात टेलर नावाचे एक गोरे साहेब राहत, व ते फार भले होते, असे आमचे आजोबा सांगत. इकडे गावात कोणी आम्हांस 'तुम्ही साहेबाची माणसे' असे टोचून बोलतो. त्याला काय उत्तर द्यावे? साहेब चांगले होते, म्हणून त्यांचे राज्यही चांगले होते, असे म्हणावे काय?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर घाईने देता येत नाही. म्हणून आज आम्ही त्या साहेबांचे चरित्र व त्यांचा काळ ही दोन्ही आपल्यापुढे ठेवीत आहो.

फिलिप मेडोज टेलर ह्यांचा जन्म इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी २५ सप्टेंबर १८०८ रोजी झाला. बाप व्यापारी होते, परंतु धंद्यास उतरती कळा लागली. तेव्हा सोळा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, इ. स. १८२४ साली, हा मुलगा एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करण्यासाठी मुंबईस आला. पेढी पाहतो तो तीही डबघाईस आलेली! मुंबईतील एका वजनदार नातलगाच्या खटपटीने त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. अशा रीतीने ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले, व कंपनीच्या मोठ्या नोकरांत ज्यांची गणना नव्हती, ते टेलर साहेब दख्खनेत आले, आणि सुमारे छत्तीस वर्षे त्यांचा ह्याच मुलखाशी संबंध राहिला. विद्यालयात जे मिळाले नाही, ते त्यांनी लोकांत मिसळून मिळविले. हिंदुस्थानी भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली, फारसीचा अभ्यास केला, चित्रे काढली, जुन्या दगडी थडग्यांचा शोध केला.

आता त्या काळाकडे वळू. टेलर साहेब जन्मले त्यापूर्वीच जगात मोठी उलथापालथ होऊन गेली होती. इ. स. १७७६ साली अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडच्या राजाची सत्ता झुगारून जाहीर केले की, सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, आणि सरकारास अधिकार मिळतो तो प्रजेच्या संमतीने. इ. स. १७८९ साली फ्रान्समध्ये माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. टॉमस पेन नावाच्या इंग्रज कारागिराच्या मुलाने इ. स. १७९१ साली 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ लिहून तेच तत्त्व साध्या लोकांस कळेल अशा भाषेत मांडले. परंतु तत्त्व उच्चारणे वेगळे व ते सर्वांस लागू करणे वेगळे. अमेरिकेचा जाहीरनामा ज्यांनी लिहिला त्या जेफरसन ह्यांच्या घरी गुलाम होते. आणि ज्या इंग्लंडात पार्लमेंटाचा एवढा अभिमान, त्याच इंग्लंडची एक व्यापारी कंपनी हिंदुस्थानात कोट्यवधी लोकांवर त्यांना न विचारता राज्य करीत होती.

ह्या न विचारण्याचे उदाहरण शोधण्यास आपणास दूर जावयास नको. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज ठेविली होती, व तिचा खर्च निजामाने द्यावयाचा होता. तो थकला. तेव्हा लॉर्ड डलहौसी ह्यांच्या अमदानीत, इ. स. १८५३ च्या मे महिन्यात, निजामाकडून नाखुशीने एक तह लिहून घेण्यात आला. त्यान्वये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख हे इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. सावकार जसे कर्जाच्या पोटी शेत लावून घेतो, तसाच हा प्रकार झाला. शेत लावून घेताना त्यातील बैलांस कोणी विचारीत नाही. तुळजापूरच्या, परंड्याच्या, कळंबच्या रयतेसही कोणी विचारले नाही.

ह्याच तहामुळे टेलर साहेब आपल्याकडे आले. त्यापूर्वी ते कृष्णाथडीच्या शोरापूर संस्थानात होते. तेथील बेडर घराण्याचा राजा वेंकटप्पा नायक लहान असल्यामुळे इ. स. १८४१ पासून संस्थानाची देखरेख त्यांजकडे होती. राजा वयात आला, आणि १८५३ साली त्यांची नेमणूक नळदुर्गास झाली. येथे त्यांनी जमिनीची नवी व अधिक काटेकोर मोजणी हाती घेतली. ह्या कामाचे महत्त्व आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. मोजणी नसली म्हणजे कोणाचे रान किती हे पाटील-कुलकर्णी सांगतील तेच खरे. मग दुबळ्याच्या दोन बिघ्यांचे चार होतात व सबळाच्या चाराचे दोन. शेजारच्या मुंबई इलाख्यात इ. स. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून साखळीने मोजणी करून, जमिनीचा कस पाहून सारा ठरविण्याची पद्धत सुरू झाली होती. तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे कोष्टक आपण अजून वापरतो. मोजलेल्या शेताचा आकडा कागदावर चढला म्हणजे गरिबाच्या हाती निदान एक पुरावा येतो.

इतक्यात १८५७ साल उजाडले. उत्तरेत बंड पेटले, आणि टेलर साहेबांस नळदुर्गाहून वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले. जवळ गोरी पलटण नाही, मागितली तरी मिळण्याची आशा नाही, अशा स्थितीत त्यांनी तो मुलूख शांत ठेविला. ह्याचे श्रेय पुष्कळांनी त्यांच्या लोकसंग्रहास दिले आहे.

परंतु पुढच्याच वर्षी जे घडले ते वाचून मन विषण्ण होते. शोरापूरचा तो तरुण राजा, जो टेलर साहेबांस लहानपणापासून 'अप्पा' म्हणून हाक मारी, तो इंग्रजांविरुद्ध उठला. त्याचा मोड होऊन तो पकडला गेला, व त्यास देहान्ताची शिक्षा झाली. टेलर साहेब त्यास कैदेत भेटले, व त्यांनी त्याच्यासाठी रदबदली केली. शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. परंतु कैदेच्या जागी नेत असता वाटेतच पिस्तुलाच्या गोळीने राजाचा अंत झाला, आणि त्याचे संस्थान खालसा झाले. ज्या पोराला साहेबांनी पोटच्या पोरासारखे वाढविले, त्याला ते राज्याच्या चक्रातून सोडवू शकले नाहीत. माया खरी होती. पण ती ज्या सत्तेच्या चाकरीत होती ती सत्ता मायेपेक्षा बलवत्तर होती.

मग नळदुर्गाचे काय झाले? १८५७ साली निजामाने इंग्रजांस साथ दिली, म्हणून इ. स. १८६० साली नवा तह झाला. निजामाचे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. रायचूर दुआब व धाराशिवचा मुलूख त्यास परत मिळाला, आणि वर शोरापूरही देण्यात आले. म्हणजे सात वर्षांत आपला जिल्हा दोनदा ह्या हातातून त्या हातात गेला, आणि दोन्ही वेळा येथील माणसांस कोणी विचारले नाही. त्याच साली प्रकृती ढासळल्यामुळे टेलर साहेब विलायतेस परतले. त्यांनी लिहिलेली ठगाची कादंबरी १८३९ सालीच गाजली होती. तीत ठगांचे जे चित्र आहे ते कितपत वास्तव, ह्याविषयी आजचे इतिहासकार शंका घेतात. पुढे १८६३ साली त्यांनी 'तारा' ही कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी आहे, आणि तीत शिवाजी महाराज व अफजलखान ह्यांचा काळ आहे. १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मेंटन गावी त्यांचे देहावसान झाले.

आता ह्या चरित्राच्या शेजारी दुसरे एक चरित्र ठेवा. नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांकडे गेला त्याच्या सहा वर्षे आधी, इ. स. १८४७ साली, पुण्यात एका माळ्याच्या मुलाने टॉमस पेन ह्यांचा तोच ग्रंथ वाचला. ते जोतीराव फुले होत. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. आणि ज्या पेन ह्यांना त्यांनी गुरुस्थानी मानले, त्या पेन ह्यांनी पुढे आमच्या शास्त्रावर कठोर टीका केली. हे आम्ही लपवीत नाही. परंतु माणसाचा हक्क ही कोणाच्या कृपेची देणगी नव्हे, हे जोतीरावांनी त्या ग्रंथातून घेतले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस ती अर्पण केली. आणि १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात त्यांनी सांगितले की, गोरे अधिकारी रयतेची खरी दशा जाणत नाहीत व कारकुनांच्या सांगण्यावर विसंबतात. टेलर साहेबांसारखा लोकांत मिसळणारा अधिकारी एखादाच. आणि तो बदलून गेला म्हणजे रयत पुन्हा होती तेथेच.

तर आमच्या तरुण बंधूस आमचे उत्तर असे. माणसाचे माप एक आहे व राज्याचे माप दुसरे. माणूस कसा होता हे पाहताना विचारावे : तो न्यायाने वागला काय? ज्यांच्यावर त्याचा अधिकार चालला त्यांची भाषा त्याने शिकली काय, त्यांचे ऐकले काय? ह्या मापाने टेलर साहेब भरतात, व त्यांचे नाव आदराने घेण्यात आपणास संकोच नसावा. राज्य कसे होते हे पाहताना मात्र विचारावे : ज्यांच्यावर ते चालले त्यांची संमती होती काय? ह्या मापाने कंपनीचे राज्य भरत नाही, आणि तसे म्हणण्यात कृतघ्नपणा नाही. भला कारभारी हा भल्या राज्याचा पुरावा नव्हे. जसा प्रेमळ गडी हा दयाळू धन्याचा पुरावा नव्हे.

पुढची हकीकत आपणास ठाऊक आहे. ह्याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्याचे पुढारी झाले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापुराकडून आलेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग घेतला, व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर १९५२ च्या निवडणुकीत येथील नांगरधाऱ्याला, त्याच्या कारभारणीला, आणि गावकुसाबाहेरच्या माणसालाही एकेक मत मिळाले. जे १८५३ साली व १८६० साली कोणी विचारले नाही, ते त्या दिवशी विचारले गेले.

म्हणून बंधूंनो, कोणी 'साहेबाची माणसे' म्हणून टोचले तर रागावू नका, व साहेबाची वकिलीही करू नका. त्यास नळदुर्गाच्या दोन तहांची गोष्ट सांगा, टेलर साहेबांच्या मोजणीची सांगा, आणि जोतीरावांनी वाचलेल्या ग्रंथाची सांगा. ज्याला तिन्ही गोष्टी सांगता येतात, तो कोणाचाही बांधील नाही.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न
१. इ. स. १८५३ व १८६० ह्या दोन तहांत आपल्या मुलखाचे काय झाले? ह्यांत रयतेचे स्थान कोणते होते?
२. मोजणीमुळे गरीब शेतकऱ्यास कोणता आधार मिळतो? आपल्या गावातील एक उदाहरण द्या.
३. शोरापूरच्या राजाच्या हकीकतीवरून टेलर साहेबांच्या अधिकाराची मर्यादा कशी दिसते?
४. आपल्या गावात, मंडळीत किंवा घरात, कोणास न विचारताच त्याच्याविषयीचे निर्णय आपण घेत असतो काय?