केनिया आणि दक्षिण आफ्रिका : मजुरीचे दर व कामाचे तास

दोन देशांतील मजुरीची तुलना करावयाची म्हणजे चलनाचा विनिमय दर पाहून एक आकडा दुसऱ्याशेजारी मांडावयाचा, असा एक समज आढळतो. ती मजुरी तासाची आहे की महिन्याची, तिच्यासाठी आठवड्यास किती तास राबावे लागते आणि तो दर नेमका कोणास लागू आहे, हे प्रश्न मात्र पुष्कळदा मागे राहतात. या दृष्टीने आफ्रिका खंडातील केनिया आणि दक्षिण आफ्रिका हे देश अभ्यासनीय आहेत. दोन्ही देशांस ब्रिटिश अमदानीचा वारसा आहे, कामगार चळवळीची परंपरा आहे, किमान वेतनाचा कायदाही आहे. परंतु मजुरी ठरविण्याची रीत अगदी निराळी आहे.

केनियातील वेतन आदेश

केनियात किमान वेतन मासिक स्वरूपात ठरते. व्यवसायाचा प्रकार आणि कामाचे ठिकाण यांनुसार वेतन आदेशाच्या परिशिष्टात वेगवेगळे दर नमूद असतात. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाखाली महाराष्ट्रात परिमंडळवार दर ठरत आले. त्यांच्याशी परिचित असलेल्या वाचकास ही रचना परकी वाटणार नाही. वाढीची घोषणा बहुधा १ मे रोजी, कामगार दिनाच्या सभेत, राष्ट्राध्यक्ष करतात. २०२४ च्या कामगार दिनी जाहीर झालेली ६ टक्के वाढ १ नोव्हेंबर २०२४ पासून अंमलात आली. तीनुसार अकुशल मजुराचे मासिक वेतन नैरोबी, मोम्बासा व किसुमू या शहरांत १६,११३ शिलिंग, नगरपालिका क्षेत्रांत १४,८६६ शिलिंग आणि उर्वरित भागात अवघे ८,५९६ शिलिंग झाले. शेतीसाठी स्वतंत्र आदेश आहे. त्यात अकुशल शेतमजुराचा दर ७,९९७ शिलिंग, म्हणजे राजधानीतील मजुराच्या निम्म्याहूनही कमी ठरला. शेतावर राबणाऱ्याचे पोट शहरातल्या मजुराच्या निम्म्याने भरते असे मानण्यास अर्थातच काही आधार नाही.

या आदेशात अकुशल मजुराच्या एकाच ओळीत झाडूवाला, माळी, निरोप्या, दिवसपाळीचा पहारेकरी आणि घरगडी यांच्यासह मुलांच्या ‘आया’चाही उल्लेख आहे. हिंदुस्थानातून साम्राज्यभर फिरलेला हा शब्द नैरोबीच्या राजपत्रात अद्याप टिकून आहे.

कामाच्या तासांबाबत मात्र केनियाचा नियम बराच सैल आहे. सर्वसाधारण वेतन आदेशानुसार सहा दिवसांचा आठवडा ५२ तासांचा, तर रात्रपाळीच्या कामगारासाठी ६० तासांचा धरला जातो. जादा कामास दीडपट आणि सुटीच्या दिवशीच्या कामास दुप्पट मोबदला आहे. वास्तविक आठ तासांच्या दिवसाची मागणी या देशात फार जुनी. गुजरांवाला जिल्ह्यातून नैरोबीस गेलेले पंजाबी कामगार नेते माखन सिंग यांच्या नेतृत्वाखाली १९३७ मध्ये तेथे जो दीर्घ संप झाला, त्यात वेतनवाढीबरोबर ही मागणीही मालकांकडून पदरात पाडून घेण्यात आली होती. याच माखन सिंग यांना पुढे वसाहत सरकारने १९५० ते १९६१ अशी अकरा वर्षे स्थानबद्ध ठेवले.

दक्षिण आफ्रिका : तासाचा एकच दर

दक्षिण आफ्रिकेत देशव्यापी किमान वेतन उशिरा आले. जानेवारी १९७३ मध्ये दरबान येथील वीटभट्टीच्या कामगारांनी संप पुकारला आणि काही आठवड्यांतच त्याचे लोण शहरातील कापड गिरण्यांपर्यंत पोहोचले. कृष्णवर्णीय कामगारांच्या संघटनांना त्या वेळी कायदेशीर मान्यता नव्हती. ती मिळण्याचा मार्ग १९७९ मध्ये मोकळा झाला. वर्णभेदी राजवट १९९४ मध्ये संपली, तरी शेतावरील मजुरी मागेच राहिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पश्चिम केप प्रांतातील डी डोर्न्स या द्राक्षांच्या पट्ट्यात शेतमजूर रस्त्यावर उतरले. त्यांची किमान मजुरी दिवसाला ६९ रँड होती, मागणी १५० रँडची होती. मार्च २०१३ पासून सरकारने १०५ रँडचा दर लागू केला.

२०१८ च्या राष्ट्रीय किमान वेतन अधिनियमान्वये १ जानेवारी २०१९ पासून संपूर्ण देशासाठी ताशी २० रँड हा दर आला. तेव्हाही शेतमजुरास १८ आणि घरकामगारास १५ रँडच देण्यात आले. शेतमजुरांचा दर मार्च २०२१ मध्ये, तर घरकामगारांचा मार्च २०२२ मध्ये इतरांच्या बरोबरीस आला. मार्च २०२४ पासून हा दर २७.५८ रँड झाला. केप टाऊनमधील दुकान असो की दूरच्या खेड्यातील मळा, दर एकच.

१९९७ च्या कायद्याने आठवड्यास ४५ तासांची मर्यादा घातली असून, ४० तासांपर्यंत खाली येण्याचे उद्दिष्टही त्यात नमूद आहे. जादा कामास येथेही दीडपट मोबदला आहे. कमाल वेतनमर्यादेखालील कामगारास एखाद्या दिवशी चार तासांहून कमी काम मिळाले, तरी चार तासांची मजुरी द्यावी लागते. दोन-दोन घरी तासाभराची कामे करणाऱ्या बाईला या तरतुदीचे मोल किती, हे सांगावयास नको.

आकड्यांचा मेळ

आता नोव्हेंबर २०२४ मधील दर घेऊन हिशेब मांडता येईल. आठवड्यास ४५ तास धरल्यास दक्षिण आफ्रिकेतील मजुराचे महिन्याचे १९५ तास आणि सुमारे ५,३७८ रँड होतात. त्या सुमारास १ रँडला ७.२ शिलिंग मिळत. म्हणजे ही रक्कम ३८,७०० शिलिंगांच्या घरात जाते; नैरोबीतील मजुराच्या जवळजवळ २.४ पट. परंतु नैरोबीच्या मजुराला तेवढ्यासाठी महिन्यास सुमारे २२५ तास द्यावे लागतात. त्याची तासाची मजुरी ७१ ते ७२ शिलिंग पडते, तर दक्षिण आफ्रिकेतील दर १९८ शिलिंगांइतका भरतो. अंतर २.४ पटीवरून २.८ पटीच्या जवळ जाते. महिन्याचा आकडा जे झाकतो, ते तासाचा आकडा उघड करतो. केनियात मूळ वेतनावर साधारणतः १५ टक्के घरभाडे भत्ता मिळतो. तो धरला तर हे अंतर पुन्हा काहीसे कमी होते. नैरोबी सोडून शेतमजुराचा दर घेतला, तर ते एकदम दुपटीने वाढते.

कायद्याबाहेरचे श्रमिक

हे सर्व दर ज्यांच्यापर्यंत पोहोचतात, त्यांच्यापुरते खरे आहेत. केनियात शेतीबाहेरील रोजगारापैकी दहांतील आठांहून अधिक हात असंघटित क्षेत्रात आहेत. या क्षेत्राला तेथे ‘जुआ काली’, म्हणजे कडक ऊन, असे म्हणतात. उघड्यावर पत्रे ठोकणारा वा सायकली दुरुस्त करणारा कारागीर स्वतःच मालक, स्वतःच मजूर. त्याच्यासाठी ५२ तासांचा हिशेब कोण ठेवणार? दक्षिण आफ्रिकेतील अडचण निराळी आहे. तेथे काम करू इच्छिणाऱ्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश लोकांना २०२४ मध्ये कामच नव्हते. अशांसाठी शासन विस्तारित सार्वजनिक बांधकाम कार्यक्रम चालविते. महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या कामांशी त्याचे बरेच साम्य आहे. मात्र या कामांवरील मजुरास राष्ट्रीय दर लागू नाही. मार्च २०२४ पासून त्याच्यासाठी ताशी १५.१६ रँड हा स्वतंत्र दर ठरविण्यात आला, म्हणजे खासगी मालकास जो दर देणे बंधनकारक आहे, त्याच्या निम्म्याहून थोडासाच अधिक.