गिरसप्पाचे पाणी तळाशी किती तापते?

बदामीची लेणी, हंपीचे भग्न वाडे, मग शिरसीच्या घाटातील वळणे, असा आठवडाभराचा प्रवास करून सहल शेवटच्या मुक्कामी जोगला पोहोचते, तेव्हा मुलांच्या अंगात फारसे त्राण उरलेले नसते. परंतु दरीच्या कठड्याशी गेले की सारा शीण नाहीसा होतो. समोरच्या काळ्या कड्यावरून शरावती नदी चार धारांनी खाली येत असते. राजा एका उडीत थेट तळ गाठतो. राणी खडकाच्या अंगाअंगाने फेसाळत उतरते. रोअरर आणि रॉकेट ही दोन इंग्रजी नावे त्यांच्या गर्जनेवरून आणि वेगावरून पडली. नदीच्या खालच्या अंगाच्या गेरुसोप्पे गावावरून आपण मराठी माणसे या धबधब्याला गिरसप्पा म्हणतो. उंची २५३ मीटर, म्हणजे सुमारे ८३० फूट. हा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

आमच्या सहलीतील एका विद्यार्थिनीने तेथे विचारले, “सर, इतक्या उंचीवरून आपटल्यावर पाणी तापत असेल ना?” प्रश्न साधा दिसतो. पण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ज्या काळात अजून सर्वमान्य झालेला नव्हता, त्या काळात एका थोर शास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न विचारला होता.

प्रथम गणित करू. कड्याच्या माथ्यावरील १ किलोग्रॅम पाण्याची तळाच्या मानाने स्थितिज ऊर्जा ९.८ × २५३, म्हणजे सुमारे २४८० जूल असते. पाणी खाली पडताना तिची गतिज ऊर्जा होते आणि तळाशी आपटून, घुसळून पाणी शांत झाले की तिची उष्णता होते. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४१९० जूल लागतात. म्हणून वाढ होईल २४८० भागिले ४१९०, म्हणजे ०.५९ अंश. बस, एवढीच! पाणी १ किलोग्रॅम घेतले काय किंवा १ टन घेतले काय, उत्तर तेच येते. कारण वस्तुमान दोन्हीकडे आहे. तापमानवाढ ठरते ती फक्त उंचीवरून.

आता जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाकडे वळू. मद्य गाळण्याच्या कारखानदाराचा हा मुलगा अचूक तापमापनात अतिशय वाकबगार होता. पाण्यात वल्ही फिरवून त्याने उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक काढला. १८४५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ला लिहिलेल्या पत्रात त्याने वाचकांना सुचवले, की धबधब्याच्या माथ्यावरचे व तळाचे तापमान मोजून पाहा. ८१७ फुटांच्या पडण्याने पाणी १ अंश फॅरनहाइटने तापावे, असा त्याचा हिशोब होता. योगायोग पाहा, गिरसप्पाची उंची जवळजवळ तितकीच! आजचा अचूक आकडा ७७८ फूट आहे. म्हणजे गिरसप्पाला १.०७ अंश फॅरनहाइट, अर्थात आपले तेच ०.५९ अंश सेल्सिअस.

१८४७ च्या ऑगस्टमध्ये जूलचे लग्न झाले आणि नवपरिणीत जोडपे आल्प्स पर्वतात सहलीला गेले. तेथे त्याला वाटेत तेवीस वर्षांचा विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेला शास्त्रज्ञ, भेटला. जूलच्या हातात लांबलचक तापमापक होता आणि पत्नी मागच्या गाडीत होती, अशी हकीगत थॉमसनने पुष्कळ वर्षांनी सांगितली. तापमापकाचा तपशील रंगवलेला असेलही. पण दोघांनी सालान्शच्या धबधब्यावर मोजमापाचा प्रयत्न केला आणि तो फसला, हे मात्र खरे. पाण्याचे तुषार फार उडत होते.

तुषारांनी एवढे काय बिघडते? या प्रयोगाचे खरे मर्म येथेच आहे. पाण्याचे थेंब सुटे झाले की त्यांचे पृष्ठफळ अफाट वाढते आणि बाष्पीभवन जोरात होते. त्यासाठी लागणारी सुप्त उष्णता उरलेल्या पाण्यातूनच घेतली जाते. नेहमीच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४५० जूल लागतात. आता वरचा आकडा पुन्हा पाहा. १ किलोग्रॅम पाण्याने पडून मिळवले २४८० जूल! म्हणजे हजार भागांतील केवळ एक भाग हवेत उडून गेला, की सारी कमाई संपली. त्याहून थोडे अधिक उडाले तर तळाचे पाणी वरच्यापेक्षा थंडच लागेल.

दुसरी अडचण हवेची. अडथळा नसता तर पाणी सव्वासात सेकंदांत, ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने तळाशी पोहोचले असते. परंतु स्थिर हवेत मोठ्यात मोठा पावसाचा थेंबदेखील सेकंदाला सुमारे ९ मीटरपेक्षा जास्त वेग घेत नाही. धबधब्यात पाणी आपल्याबरोबर हवाही खाली ओढते, त्यामुळे वेग याहून बराच अधिक असतो. पण ऊर्जेचा मोठा हिस्सा हवा ढवळण्यात जातो. हजाराहून अधिक पायऱ्या उतरून तळाशी गेल्यावर जो गार, ओला वारा तोंडावर येतो, तो या हिश्शाचाच. भर पावसाळ्यात हवा बाष्पाने भरलेली असल्याने बाष्पीभवन कमी होते खरे, पण तेव्हा कड्यावरचे ओहोळ व पाऊस मध्येच मिसळतात. मोजणाऱ्याची दोन्हीकडून पंचाईत!

वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण १९६४ मध्ये झाले. तेव्हापासून शरावतीचे बरेचसे पाणी नळांतून टर्बाइनांकडे जाते आणि उन्हाळ्यात धबधबा अगदी रोडावतो. पाहायला आलेल्यांची निराशा होते. पण हिशोब तोच आहे: सेकंदाला १ घनमीटर पाणी २५३ मीटर खाली आले तर सुमारे २५ लक्ष वॉट शक्ती मिळू शकते. ती तारांतून बाहेर नेली, की पाणी तापवायला ती उरत नाही.

शाळेत हा प्रयोग पाण्याने जमणार नाही; धातूने जमेल. सायकलच्या बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या मूठभर घ्या आणि दोन्ही टोकांना घट्ट बुचे असलेल्या एक मीटर लांबीच्या पुठ्ठ्याच्या नळीत भरा. त्यांचे तापमान नोंदवा. नळी उभी धरून भराभर शंभर वेळा उलटी करा, प्रत्येक वेळी गोळ्या पूर्ण पडू द्या, आणि पुन्हा तापमान मोजा. पोलादाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या नवव्या हिश्शाइतकी आहे, म्हणून शंभर मीटरच्या पडण्याला हिशोबाने सुमारे २ अंशांची वाढ येते. नळीत गोळ्यांनी जितकी लांबी व्यापली असेल तितकी एक मीटरमधून वजा करायला विसरू नका. प्रत्यक्ष आकडा याहूनही कमी येईल. तो किती कमी आला आणि ती उष्णता कोठे गेली असावी, हे वहीत लिहून ठेवा. नळी हाताने टोकांपाशी धरू नका, मधोमध कापड गुंडाळून धरा. नाहीतर तुमच्या तळहातांची उष्णताच मोजली जाईल.