भरतकाम : पानगळीचे पान

भरतकामाच्या तासाला नमुना म्हणून जे पान फळ्यावर काढले जाते, ते पुष्कळदा पाच टोकांचे असते. हे मेपलचे पान. थंड देशांतील नमुन्यांच्या पुस्तकांतून ते आपल्याकडे आले. सातारा-सांगलीकडील मुलाने ते झाडावर पाहिलेले नसते. त्या देशांत शरदात पाने रंगतात. आपल्याकडे शरदात दसऱ्याचे आपट्याचे पान हिरवेगार असते आणि पानगळ येते ती शिशिरात. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत कडुलिंब व पिंपळ तेव्हा पिवळे पडून झडू लागतात. महाबळेश्वरच्या सदाहरित रानात मात्र सारे झाड असे एकदम उघडे पडत नाही. तेथील शिक्षकांनी नमुना घाटाखालून मागवावा हे बरे.

प्रारंभासाठी देशी बदामाचे पान घ्यावे. ते गळण्यापूर्वी लाल होते, त्याची मधली शीर ठळक असते व कड सरळ असते. पिंपळाचे पान देखणे खरे, पण त्याचे शेपटासारखे टोक नवशिक्याचा हात अडवते. कडुलिंबाची करवती कड पुढील वर्षासाठी ठेवावी.

सुई हाती देण्यापूर्वी पान हाती द्यावे. हरितद्रव्य नाहीसे होऊ लागले की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र बहुधा त्याच वेळी नव्याने तयार होतो. शिरांजवळ हिरवेपणा अधिक काळ रेंगाळतो. मुलांनी हे स्वतः पाहिले म्हणजे कोणता धागा कोठे घालावा, हे सांगावे लागत नाही. एक सावधगिरी : चैत्राच्या सुमारास कुसुंबावर दिसणारी लाल पाने ही गळती नव्हेत, ती कोवळी पालवी होय.

सुमारे वीस सेंटिमीटर चौरस मांजरपाट धुऊन घ्यावा, म्हणजे पुढे आटत नाही. त्यावर लहानसे पान ठेवून पेन्सिलीने कड व मधली शीर काढावी. सहा पदरी धाग्यातील दोनच पदर ओवावेत. धागा हातभर पुरे, लांब धागा गुंततो. धावदोरा शिकवताना घरच्या वाकळेची आठवण द्यावी, तो टाका मुलांच्या ओळखीचा असतो. त्यानंतर देठटाका. त्यात प्रत्येक टाका मागच्या टाक्याच्या मध्याजवळून निघतो आणि धागा सदैव एकाच बाजूस राहतो. बाजू बदलली की दोरीसारखा पीळ मोडतो. मधली शीर व कड या टाक्याने पुरी करावी.

मग भरणी. टोकापासून आरंभ करून कडेकडून शिरेकडे तिरपे टाके घालावेत. आधी एक अर्धे, मग दुसरे. टाका एक सेंटिमीटरहून लांब नसावा, नाहीतर तो सैल पडून कोठेतरी अडकतो. रुंद जागी आखूड व लांब टाके आळीपाळीने घ्यावेत. एक पदर पिवळा व एक लाल असे एकाच सुईत ओवले, तर पानावरचा मधला रंग आपोआप साधतो. कापडाला चुण्या पडू लागल्या तर धागा ओढला जात आहे असे समजावे.

अशाच एका चुणीपायी मी पूर्वी एका मुलीचे अर्धे पान सर्वांदेखत उसवले होते. तिने त्या वर्षी पुन्हा सुई धरली नाही. तेव्हापासून उसवायचे तर विद्यार्थ्यानेच, आणि तेही शेवटचे चार टाके, असा नियम मी पाळीत आलो आहे. या तासाला मुलग्यांना मैदानावर पाठवण्याची रीतही सोडावी. गावचा शिंपी बहुधा पुरुषच असतो, हे पालकांच्या ध्यानात आणून द्यावे.

सुया मोजून द्याव्यात व मोजून घ्याव्यात. मुले बसकरावर बसतात, अनवाणी वावरतात. एक सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत कोणास उठू देऊ नये. धागा संपला की गाठ न मारता मागील तीन-चार टाक्यांखालून तो ओढून घ्यावा व कापावा. तपासताना कापड आधी उलटे करून पाहावे.