साथीपूर्वीची तयारी

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावी अनेकांचे केस एकाएकी गळू लागले व लोक भयभीत झाले. प्रथम पाण्याचा संशय आला. तपासणीत नायट्रेट अधिक आढळले. पुढे गव्हातील सेलेनियमकडेही संशय वळला. पहिला तर्क हाच निर्णय मानू नये, हा यातील धडा होय. यास्तव प्रत्येक गावाने पुढील तयारी ठेवावी.

१. ब्लीचिंग पावडरने विहिरीतील रोगजंतू मरतात. नायट्रेट व क्षार जात नाहीत. उकळूनही ते जात नाहीत. खारपाणपट्ट्यातील गावांनी पाणी प्रयोगशाळेत वेळोवेळी तपासून घ्यावे व पर्यायी पाण्याची जागा आधीच ठरवावी.

२. शेणखताचा खड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूस असावा. नत्रखत विभागून द्यावे. जास्तीचे नत्र पाझरून भूजलात उतरते.

३. एकाच लक्षणाचे दोन-चार रुग्ण दिसताच त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. रुग्णाचे वय, आजाराचा पहिला दिवस, पाण्याचे ठिकाण व धान्य कोठून आणले हे वहीत लिहावे. त्या धान्याचा नमुना राखून ठेवावा.

अफवेने भय वाढते. नोंदीने कारण सापडते.