व्यापाऱ्याच्या हातातले पत्र

दाभोळ आणि राजापूर ही आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली जुनी बंदरे. शेकडो वर्षांपूर्वी तेथे परमुलखातली गलबते येत. त्या काळचे व्यापारी कसे दिसत असतील, असे मनात येते. त्याच काळातल्या एका परदेशी व्यापाऱ्याचे चित्र आजही शाबूत आहे. त्याची हकिगत आम्ही सांगतो.

व्यापाऱ्याचे नाव गेओर्ग गिझे. त्याचे गाव डान्झिग. ते आता पोलंड देशात आहे. व्यापारासाठी गिझे लंडन शहरात राहिला होता. तेथे १५३२ साली हान्स होल्बाइन नावाच्या चित्रकाराने त्याचे चित्र लाकडी फळीवर तेलरंगात काढले. आज ते जर्मनीत, बर्लिन शहरातल्या संग्रहालयात आहे.

चित्रातला गिझे ३४ वर्षांचा आहे. डोक्यावर काळी टोपी. अंगात काळा झगा, बाह्या गुलाबी रेशमाच्या. मेजावर रंगीत गालिचा. माणूस पैसेवाला, हे पाहताच कळते.

पण जरा नीट पाहू या. भिंतीला पत्रे खोचलेली आहेत. फळीवर वह्या आहेत. तराजू आहे, किल्ल्या आहेत, शिक्का आहे, लेखणी आहे. काचेच्या भांड्यात फुले आहेत. आणि गिझेच्या हातात काय आहे? भावाकडून आलेले पत्र! ते तो उघडतो आहे.

भिंतीवर त्याचे एक वचन लिहिले आहे. सुखाबरोबर दुःख येतेच, असा त्याचा अर्थ. व्यापारात हे रोजचेच. पत्रातून नफा कळेल, नाहीतर गलबत बुडाल्याचे कळेल. जे असेल ते गिझे स्वतः वाचणार.

आपल्याकडे आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात जातात. मग दलालाची पट्टी येते. पुष्कळ जण ती वाचून घ्यायला आमच्या ओटीवर येत. पेट्या किती, भाव काय, भाडे, हमाली आणि दलाली किती कापली, हे आम्ही वाचून दाखवीत असू. घाम त्यांचा, आंबा त्यांचा, पण हिशेब आधी आम्हाला कळे. हे काही बरे नव्हे.

आता तुम्हाला अक्षर आले आहे. या खेपेची पट्टी तुम्हीच उघडा. बेरीज-वजाबाकी करून पाहा. आकडा चुकला असेल तर दलालाला विचारा. विचारायला भिऊ नका.

सांगा पाहू :
१. गिझेच्या हातात काय आहे?
२. पट्टीतून कोणकोणते पैसे वजा होतात?