कोळशाला वरून वारा लागू देऊ नकोस

बयो, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, दर अर्ध्या तासाला कोळसा घालायला उठावं लागतं, आपोआप खाली सरकेल असं काही नाही का करता येणार?" येतं. सांगते, नीट ऐक. किलवणीच्या अंगणात तू मांस धुरावर शिजवायचा जो स्मोकर करू पाहतेयस त्याचं अर्धं गणित आपल्या आजीच्या न्हाणीत होतं.

आठवतो तो तांब्याचा बंब? मधोमध नळी, खाली जाळी, तिच्याखाली राख. वरून कोळसा टाकायचा, खालचा जळाला की वरचा आपसूक खाली बसायचा. तुझ्या स्मोकरची कोळशाची कोठी तशीच उभी नळी आहे. फरक एकच, आणि सगळी मेख त्यातच आहे. बंबाचं तोंड वर उघडं असतं, म्हणून वारा खालून शिरून वर निघतो आणि बघता बघता सगळा कोळसा पेटतो. पाणी तापवायला ते ठीक. तुला मात्र आठ तास मंद धग हवी. म्हणून कोठीचं वरचं झाकण असं घट्ट हवं की धुराची रेघसुद्धा बाहेर येता कामा नये. मग धग वर चढत नाही. जाळीजवळच्या भोकातून आडवी वळते आणि मांस टांगलेल्या पेटीत जाते. पेटीचं धुराडं ती ओढून घेतं. वरचा कोळसा थंड राहून आपली पाळी येईपर्यंत थांबतो.

माझं पहिलं झाकण सैल होतं. तासाभरात कोठी वरपर्यंत लाल झाली आणि आतली कोंबडी करपली. मग मी कोठीच्या तोंडाभोवती पत्र्याची खोबण करून घेतली, तिच्यात चाळलेली राख भरली आणि झाकणाची कड त्या राखेत रुतवली. तेव्हापासून त्रास नाही.

कोठी सरळच ठेव, खाली निमुळती नको. निमुळती केलीस की कोळसे एकमेकांना धरून कमान करतात आणि वरचा माल लटकून राहतो. खाली विझतं आणि तुला वाटतं वारा कमी पडला. कोळसा लिंबाएवढा फोडून घे, भुगा चाळून टाक. माझी कोठी आतून १५ सेंटिमीटर चौरस आणि ६० सेंटिमीटर उंच आहे. तिच्यात साधारण ३ किलो कोळसा बसतो. जाळीच्या गजांमध्ये बोटभर फट ठेव. खालच्या राखपेटीला दार आणि वाऱ्यासाठी एकच नळी, तिच्यावर सरकती झडप. धग वाढवायची तर झडप बोटभर उघड आणि पंधरा मिनिटं वाट बघ. घाईनं पुन्हा पुन्हा हलवलीस तर दिवसभर आगीच्या मागे धावत बसशील. राखही मधूनमधून काढ, ती साचली की वारा कोंडतो.

आता पत्र्याचं. पेटीसाठी सेलवासला भंगारात पिंपं स्वस्त मिळतात, पण आजूबाजूला एवढे कारखाने आहेत की पिंपात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रसायनाचं पिंप कितीही धुतलंस तरी घेऊ नकोस. खाद्यतेलाचं घे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा नळी आगीजवळ अजिबात नको, तापलेल्या जस्ताची वाफ छातीत बसते. कोठीला साधा जाड लोखंडी पत्रा वापर. बाहेरून माती, शेण आणि भाताचं तूस कालवून लिंपून टाक. आपल्या घरांच्या कुडाला जे लिंपण पुरतं ते धग धरायलाही पुरतं.

धग धरण्याला मी एवढं महत्त्व देते ते उगाच नाही. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा केला, २००२ साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या सराई कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कांडी कोळशात एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. इंधन वाया जातं ते बाहेर निसटणाऱ्या धगीतून, ती कोंडली की एवढंसं पुरतं. आणि कोळसा विकत घेताना घासाघीस करू नकोस गं. कातकरी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या भट्ट्यांवर अंग भाजून तो केला, त्यांच्या हाती फार थोडं राहिलं.

धुरासाठी आंब्याचं किंवा बाभळीचं वाळलेलं लाकूड, मुठीएवढे तुकडे. ते राखपेटीत जाळीखाली ठेव, वरून निखारा पडला की धुमसतात. प्लायवूड किंवा रंगवलेलं लाकूड कधीच नको. दाट पांढरा धूर दिसला तर मांस आत ठेवू नकोस, ते कडू होतं. निळसर, पातळ धूर येईपर्यंत थांब. पेटीत ११० ते १२० अंश ठेव आणि कोंबडीच्या मांडीत सुईचा थर्मामीटर खोचून ७४ अंश झालेत का ते पाहा. विकायला ठेवणार आहेस ना? मग अंदाजानं कधीच काढू नकोस. धुरानं रंग येतो, पण आतून शिजलंय याची खात्री रंग देत नाही.

कोळसा पुन्हा भरताना आधी खालची झडप बंद कर, दोन मिनिटं थांब, मग बाजूला उभी राहून झाकण उचल. वरून एकदम वारा गेला की जाळ तोंडावर येतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. पावसाळ्यात आपल्याकडे धो धो कोसळतो तेव्हा स्मोकर पडवीत किंवा घरात ओढायचा मोह होईल. ओढू नकोस. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. चारही बाजूंनी मोकळी शेड घाल, नाहीतर ते चार महिने धंदा बंद ठेव.

पहिल्या दिवशी कोंबडी लावू नकोस. रिकामाच चार तास पेटव, पत्र्यावरचं तेल आणि वेल्डिंगचा वास जळून जाऊ दे. रविवारी मी येतेय. तेवढी राख चाळून, डब्यात कोरडी भरून ठेव.