प्रकृती उष्ण, म्हणून गोळी बंद?

वस्तीत गरोदर सुनांच्या लोहाच्या गोळ्या डब्यात तशाच पडलेल्या आम्हाला दिसतात. सासूबाई म्हणतात, ‘तिची प्रकृती उष्ण, गोळी बाधते.’

आयुर्वेदात वात, पित्त, कफ यांवरून सात प्रकृती मानतात. पित्त प्रकृतीच्या माणसाला गरमी सोसत नाही, भूक-तहान जास्त, केस लवकर पिकतात, असे चरकसंहिता सांगते. ही झाली शरीराची ठेवण. अंगात रक्त किती, हे तपासणीवरूनच कळते. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. अशा बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला तर जिवावर बेतते.

गोळीने मळमळते, शौचाचा रंग काळा होतो. ती उष्णता नव्हे, लोहाचा परिणाम. मळमळत असेल तर जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्या; चहा तासभर तरी नको. तरीही त्रास झाला तर नर्सताईंना विचारा, मनाने बंद करू नका.